शाळकरी विद्यार्थी आणि शेतीचे प्रत्यक्ष शिक्षण

शेतकऱ्याचा मुलगा शेतीत वाढतो, म्हणून त्याला शेती येते, असा समज खेड्यापाड्यांतून सर्वत्र आढळतो. हा समज अर्धाच खरा आहे. तो मुलगा बैलांची वेसण धरतो, पिकाला पाणी देतो, सुगीच्या दिवसांत खळ्यावर राबतो. परंतु पेरलेल्या बियाण्यापैकी किती उगवले, एका गुंठ्यात किती रोपे असावयास हवी होती, आणि वर्षअखेर त्या पिकाने घराला काय दिले व घराकडून काय घेतले, हे त्याला विचारले असता बहुधा त्याचे उत्तर देता येत नाही. याच्या उलट, शाळेच्या पुस्तकांतून नत्र, स्फुरद व पालाश यांची नावे पाठ केलेल्या विद्यार्थ्याला वाफसा कशास म्हणतात, हे शेतात उभे राहून सांगता येत नाही. एकाला काम येते पण त्याचे कारण ठाऊक नसते. दुसऱ्याला कारण पाठ असते पण काम येत नाही. या दोन उणिवा एकाच वेळी भरून काढणे, हा शाळेतील प्रत्यक्ष शेती-शिक्षणाचा हेतू होय.

या शिक्षणाची आज विशेष निकड आहे. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील वहिती खातेदाराचे सरासरी क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते; ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आले. एवढ्या क्षेत्रावर चूक पचविण्यास फारसा वाव उरत नाही. म्हणून दहावी किंवा बारावीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलामुलींनी शेतीचा व्यवसाय, शेतीचे उच्च शिक्षण अथवा शेतीशी निगडित एखादा उद्योग यांपैकी काय पत्करावे, याचा निर्णय केवळ ऐकीव माहितीवर होऊ नये. हा निर्णय चुकला तर मुलाची तीन-चार वर्षे व घरची तुटपुंजी पुंजी अशा दोन्ही गोष्टी वाया जातात. एक संपूर्ण वर्ष मातीत काम करून, मोजमाप ठेवून व हिशोब मांडून झालेला निर्णय मात्र सहसा फसत नाही. मग तो शेतीच्या बाजूने होवो अथवा विरुद्ध होवो.

महाराष्ट्रातील परंपरा

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये सिद्ध केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात शेतकऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न कळकळीने मांडला होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली व श्रम आणि शिक्षण यांची सांगड घातली. 'कमवा आणि शिका' या त्यांच्या योजनेतून गरीब घरच्या असंख्य मुलांनी शेतात व बांधकामावर कष्ट करून विद्या संपादन केली. वर्धा येथे १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याची कल्पना मांडली. तीच पुढे 'नई तालीम' या नावाने ओळखली गेली.

अलीकडच्या काळातील उल्लेखनीय प्रयोग पुणे जिल्ह्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमाचा होय. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ मध्ये सुरू केला. तेथे विकसित झालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामाला देतात. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य आणि शेती व पशुपालन असे त्या कामाचे चार विभाग आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना शाळेत यावे व गावातील कारागीर, माळी, कुंभार यांच्या हाताखाली काम शिकावे, असे सुचविले आहे. म्हणजे मार्ग आखलेला आहे. त्यावर चालण्याची व्यवस्था गावोगाव करावयाची आहे.

शिक्षण आणि मजुरी यांतील भेद

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट असली पाहिजे. विद्यार्थ्याकडून शेतकाम करवून घेणे म्हणजे शेतीचे शिक्षण नव्हे. शाळेच्या अथवा संस्थेच्या जमिनीतील तण विद्यार्थ्यांकडून फुकट काढून घेतले व त्याला 'कार्यानुभव' असे नाव दिले, तर मुलांच्या मनात शेतीविषयी कायमचा कंटाळा उत्पन्न होतो आणि पालकांचा विश्वासही उडतो. "शेतातलेच काम करावयाचे, तर ते घरी का नको?" हा पालकांचा प्रश्न रास्त आहे व त्याचे उत्तर कृतीने द्यावे लागते.

मजुरी व शिक्षण यांतील भेद ओळखण्याची खूण सोपी आहे. काम संपल्यावर विद्यार्थ्याने वहीत काही मोजमाप लिहिले काय, आणि ते काम का केले हे त्याला सांगता येते काय, हे पाहावे. दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर ते शिक्षण. नसेल तर ती मजुरी. दहा गुंठे खुरपण्यापेक्षा एक गुंठा खुरपून, शेजारचा तेवढाच तुकडा न खुरपता ठेवून, दोहोंतील रोपांची उंची पंधरवड्याने मोजणे अधिक मोलाचे आहे. त्याचप्रमाणे जे उत्पन्न निघेल ते कोणाचे, हेही आधी ठरवून फळ्यावर लिहावे. विद्यार्थ्यांच्या हातून निघालेले उत्पन्न पुढील हंगामाच्या बियाण्याला, अवजारांना व विद्यार्थ्यांच्याच उपयोगाला जावे, हे उचित होय.

जमीन व तिची आखणी

अशा शिक्षणास फार मोठे क्षेत्र लागत नाही. दहा गुंठे जमीन, म्हणजे सुमारे १,०१२ चौरस मीटर, एका वर्गाला पुरेशी आहे. शाळेची जमीन नसेल तर गावातील एखाद्या होतकरू शेतकऱ्याच्या शेताचा तुकडा परस्पर संमतीने व लेखी बोलीने घ्यावा. तो शाळेपासून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर असावा. अन्यथा तास जाण्यायेण्यातच सरतो. पाण्याची सोय असल्यास उत्तमच, परंतु केवळ पावसावरील जमीनही वर्ज्य समजू नये, कारण राज्यातील बहुसंख्य शेतकरी तशाच जमिनीवर पोट भरतात.

मध्यम काळ्या जमिनीच्या, सोयाबीन व हरभरा होणाऱ्या भागात आखणी पुढीलप्रमाणे करता येईल. चार गुंठ्यांत खरिपात सोयाबीन व त्यावर रब्बीत हरभरा. दोन गुंठ्यांत तूर. दोन गुंठ्यांत भाजीपाला. एक गुंठ्यात रोपवाटिका. आणि एक गुंठ्यात चारापीक व एका कोपऱ्यात कंपोस्टचा खड्डा. कोकणात सोयाबीनच्या जागी भात व रोपवाटिकेत आंबा-काजूची कलमे येतील. सोलापूरकडील कोरडवाहू भागात रब्बी ज्वारीला अग्रस्थान राहील. पीक कोणतेही असो, गावात जे घेतले जाते तेच निवडावे. मुलांना परक्या पिकाचे कौतुक दाखविण्यापेक्षा घरच्या पिकातील न पाहिलेली गोष्ट दाखविणे अधिक परिणामकारक ठरते.

चार गुंठ्यांचे दोन सारखे वाफे पाडावेत व त्या दोहोंत फक्त एकच फरक ठेवावा. एकात बीजप्रक्रिया केलेले बियाणे व दुसऱ्यात न केलेले, किंवा एकात योग्य अंतरावर पेरणी व दुसऱ्यात दाट पेरणी, असा तो फरक असावा. एकाच वेळी बियाणे, खत व पाणी अशा तीन गोष्टी बदलल्या, तर वाढीव उत्पन्न कशामुळे आले हे कोणासच सांगता येणार नाही. 'एका वेळी एकच फरक' हा नियम विद्यार्थ्याच्या मनावर ठसला, तर त्याला शेतीशास्त्राची गुरुकिल्ली मिळाली असे समजावे.

शाळेचे वर्ष आणि शेतीचे वर्ष

शाळेचे वेळापत्रक व शेतीचे हंगाम यांचा मेळ सहजी बसत नाही, ही या कामातील खरी अडचण आहे. शाळा जूनच्या मध्यास अथवा अखेरीस उघडते, तेव्हा पेरणी तोंडावर आलेली असते. दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास सोयाबीनची काढणी व हरभऱ्याची पेरणी येते. उन्हाळ्यात शाळा बंद असताना रोपवाटिकेला रोज पाणी लागते. म्हणून वर्षारंभीच मुख्याध्यापक, शिक्षक, जमीन देणारा शेतकरी व ग्रामस्तरीय कार्यकर्ता यांनी एकत्र बसून कामांची तारीखवार यादी करावी व सुट्टीतील पाळ्या ठरवाव्यात. वर्ष नववीचे निवडावे. दहावीत परीक्षेचा भार असतो व आठवीतील मुले काहीशी लहान पडतात.

खरिपातील प्रात्यक्षिके

पहिले प्रात्यक्षिक बियाण्याच्या उगवणशक्तीचे असावे. यास खर्च जवळजवळ येत नाही आणि त्याचा लाभ त्याच आठवड्यात घरोघर पोचतो. गोणपाटाचा तुकडा धुऊन ओला करावा. त्यावर दहा ओळींत प्रत्येकी दहा, याप्रमाणे शंभर दाणे न निवडता मांडावेत. वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी व ती सावलीत ठेवून ओलसर राखावी. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उलगडून चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर सोयाबीनचे ते बियाणे नेहमीच्या प्रमाणात पेरण्यास योग्य होय. हेक्टरी ७५ किलो या प्रमाणाने चार गुंठ्यांस सुमारे ३ किलो बियाणे लागते. उगवण साठच टक्के आढळली, तर ३ ला ७० ने गुणून ६० ने भागावे. म्हणजे साडेतीन किलो बियाणे घ्यावे लागेल. उगवण याहून फारच कमी असेल तर ते बियाणे पेरूच नये. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरच्या बियाण्याची अशी परीक्षा केली, तर दुबार पेरणीच्या संकटातून गावातील काही कुटुंबे तरी निश्चित वाचतील.

दुसरे प्रात्यक्षिक पावसाच्या मोजणीचे. सरळ भिंतीचे कोणतेही भांडे उघड्यावर सपाट ठेवावे व त्यात साचलेल्या पाण्याची खोली रोज सकाळी ठराविक वेळी मोजपट्टीने घ्यावी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. अर्थात दहा गुंठ्यांवर सुमारे १,०१२ लिटर. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर व जमिनीत पुरेशी ओल उतरल्यावर करावी, असे सांगितले जाते. रोजच्या नोंदींची बेरीज विद्यार्थ्याने स्वतः केली असता, पहिल्या सरीला घाईने केलेली पेरणी का फसते, हे त्याला पाठांतरावाचून उमगते.

त्यानंतर बीजप्रक्रिया यावी. रायझोबियम या जिवाणूंचे संवर्धक दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम या प्रमाणात, म्हणजे तीन किलोस ७५ ग्रॅम, हलक्या हाताने चोळून बियाणे सावलीत सुकवावे व लगेच पेरावे. सोयाबीनची साल पातळ असते. जोराने चोळल्यास ती सुटते व उगवण घटते. पेरणी दोन ओळींत ४५ सेंटिमीटर व दोन रोपांत ५ सेंटिमीटर अंतर ठेवून, तीन ते पाच सेंटिमीटर खोलीवर करावी. या अंतराने एका मीटर ओळीत २० व एका गुंठ्यात सुमारे ४,५०० रोपे बसतात. उगवण झाल्यावर विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या दहा ठिकाणी एक मीटर ओळ मोजून रोपे गणावीत व सरासरी काढावी. रोपांची संख्या निम्मी भरली, तर खताची मात्रा वाढवून ती उणीव भरून निघत नाही, हा धडा येथेच मिळतो.

पीक पस्तीस-चाळीस दिवसांचे झाले म्हणजे दोन्ही वाफ्यांतून प्रत्येकी पाच झाडे काढावीत. ती उपटू नयेत. खुरप्याने सभोवतालची माती सैल करून मुळांसह अलगद काढावीत व पाण्यात धुवावीत. मुळांवरील गाठी मोजाव्यात व एखादी गाठ नखाने फोडून पाहावी. आतील भाग गुलाबी अथवा लालसर दिसला, तर ती गाठ हवेतील नत्र पिकाला मिळवून देत आहे असे समजावे. पुस्तकात अनेकदा वाचलेली ही गोष्ट स्वतःच्या नखाने उघडून पाहिल्यावर विद्यार्थी ती जन्मभर विसरत नाही.

रब्बी व उन्हाळी प्रात्यक्षिके

रब्बीत हरभऱ्याची पेरणी ३० सेंटिमीटर ओळींच्या व १० सेंटिमीटर रोपांच्या अंतराने करावी. या पिकावरील मुख्य शत्रू घाटेअळी होय. तिच्यासाठी कामगंध सापळा लावून त्यात सापडलेले पतंग रोज सकाळी मोजावेत. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात आठ ते दहा पतंग सापडू लागले, किंवा एका मीटर ओळीत एक ते दोन अळ्या दिसल्या, म्हणजे उपाय योजण्याची वेळ आली असे समजतात. पिकात इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराचे पक्षिथांबे रोवावेत. त्यांवर बसणारे पक्षी अळ्या वेचून खातात. कीड दिसली की औषध, अशी सवय शेतकऱ्यांना लागलेली आहे. कीड किती आहे हे आधी मोजावे व मगच खर्च करावा, हा विचार रुजविण्याचे काम हे विद्यार्थी करू शकतील.

हरभरा निघाल्यावर, शेत मोकळे असताना, मातीचा नमुना घ्यावा. बांधाजवळची, झाडाखालची, खताच्या ढिगाजवळची व पाणी साचणारी जागा वगळून, नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचे सुमारे २० सेंटिमीटर खोल खड्डे करावेत. खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती खरवडून घ्यावी. सर्व माती एकत्र मिसळून तिचे चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत. असे करीत अर्धा किलो माती उरवावी. ती सावलीत वाळवून, शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक व मागील पीक लिहिलेल्या चिठ्ठीसह प्रयोगशाळेत पाठवावी. केंद्र सरकारची मृद आरोग्य पत्रिका योजना २०१५ पासून सुरू आहे. तथापि पत्रिका घरात येणे व ती वाचता येणे यांत अंतर आहे. ती पत्रिका आपल्या वडिलांस वाचून दाखविणारा मुलगा अथवा मुलगी घरात तयार झाली, तर तिचा खरा उपयोग होईल.

रोपवाटिका, कंपोस्ट व गांडूळखत यांची कामे वर्षभर चालतात. कोकणात आंब्याचे कोय कलम पावसाळ्यात बांधतात. ते बांधण्याचे कौशल्य हाती आलेल्या मुलास जमीन नसली तरी उपजीविका मिळते. भूमिहीन घरांतील विद्यार्थ्यांना हे शिक्षण आपले नव्हे असे वाटू नये, यासाठी कलमे, रोपे, कुक्कुटपालन व अवजारांची दुरुस्ती या विषयांना भरपूर वेळ द्यावा.

पशुपालनासाठी शाळेने जनावर पाळण्याची गरज नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने घरची अथवा शेजारची एक गाय वा म्हैस निवडून तिचे रोजचे दूध, चारा व पेंड यांची नोंद एक महिना ठेवावी. नवजात वासराला पहिल्या तासाभरात चीक पाजला गेला काय, लाळ-खुरकूत रोगाची लस केव्हा टोचली, हेही लिहावे.

हिशोबाची वही

या सर्व शिक्षणाचा कणा म्हणजे हिशोबाची वही होय. तिचे तीन भाग असावेत: रोजच्या निरीक्षणांचा, कामाच्या तासांचा व पैशाचा. काढणीनंतर प्रत्येक वाफ्याचे उत्पन्न वेगळे मळून वजन करावे. समजा, चार गुंठ्यांत ८० किलो सोयाबीन झाले. म्हणजे गुंठ्यास २० किलो व एकरास ८ क्विंटल. समजा, दोन गुंठ्यांच्या एका वाफ्यात ४४ व दुसऱ्यात ३६ किलो भरले. तर आठ किलोंचा फरक एकराच्या हिशोबाने १६० किलोंचा होतो. मग तो फरक पाडण्यास किती खर्च आला, हे त्यासमोर मांडावे. मात्र एका वर्षाच्या एका वाफ्यावरून सिद्धांत काढू नये; तोच प्रयोग पुढील वर्गाने पुन्हा करावा व दोन-तीन वर्षांचे आकडे जुळले तरच त्यावर विसंबावे.

खर्चाच्या बाजूला बियाणे, खत, नांगरट यांबरोबर घरच्या माणसांच्या श्रमाचे दिवसही गावच्या मजुरीच्या दराने मांडलेच पाहिजेत. शेतकऱ्याच्या घरात हीच रक्कम धरली जात नाही, विशेषतः आईच्या व बहिणीच्या श्रमाची. ती धरल्यावर पुष्कळदा नफ्याचा आकडा आटतो, क्वचित तोटाही दिसतो. हे सत्य विद्यार्थ्यांपासून लपवू नये. शेतीचे केवळ गोडवे गाऊन त्यांना तिकडे वळविणे ही फसवणूक ठरेल. तोटा कोठे झाला, तो बियाण्यात की मजुरीत, की विक्रीच्या वेळेत, हे शोधण्याची बुद्धी ज्याला आली तोच पुढे चांगला शेतकरी होतो. याच कारणास्तव वर्गाची एक फेरी बाजार समितीत काढावी. ओलावा, काडीकचरा व फुटके दाणे यांवरून एकाच दिवशी एकाच मालाचे भाव कसे वेगळे पुकारले जातात, हे तेथे डोळ्यांनी दिसते.

सुरक्षितता

विद्यार्थ्यांचा जीव कोणत्याही प्रात्यक्षिकापेक्षा मोलाचा आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. मुलांना कीटकनाशके हाताळू देऊ नयेत. फवारा मारू देऊ नये. फवारलेल्या शेतात ठरलेली मुदत संपेपर्यंत नेऊही नये. रासायनिक बीजप्रक्रिया करावयाचीच असेल, तर ती जाणत्या माणसाने हातमोजे घालून करावी व मुलांनी दुरून पाहावी. मळणी यंत्र, कडबाकुट्टी व चालू ट्रॅक्टर यांपासून त्यांना दूर ठेवावे. विहिरीच्या काठी व विजेच्या पंपाजवळ शिक्षकावाचून कोणी जाऊ नये. मेघगर्जना होऊ लागताच काम थांबवून पक्क्या इमारतीत जावे, झाडाखाली उभे राहू नये. गवतात पायांत बूट असावेत. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. बालमजुरीविषयक कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली आहे व १४ ते १८ वर्षांच्या मुलांना धोक्याची कामे देण्यास बंदी आहे, याचे स्मरण सर्वांनी ठेवावे.

पुढील वाटा

वर्ष संपल्यावर विद्यार्थ्यांची रुची व कुवत स्पष्ट होते. दहावीनंतर कृषी तंत्र विद्यालयांतील पदविका अभ्यासक्रमांचा मार्ग खुला आहे. बारावी विज्ञान शाखेनंतर प्रवेश परीक्षा देऊन कृषी, उद्यानविद्या, कृषी अभियांत्रिकी आदी चार वर्षांच्या पदव्या घेता येतात. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चार कृषी विद्यापीठे महाराष्ट्रात हे शिक्षण देतात. प्रवेशाचे नियम वर्षागणिक बदलतात. म्हणून त्या वर्षीची माहितीपत्रिका पाहूनच अर्ज करावा. कृषी पदवीच्या अखेरच्या वर्षी विद्यार्थ्यांना ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी खेड्यात शेतकऱ्यांबरोबर काम करावे लागते. ज्याने शाळेतच वहीत हिशोब मांडला आहे, त्यास तो अनुभव परका वाटणार नाही.

पदवी अथवा पदविका म्हणजे सरकारी नोकरीची हमी नव्हे, हे पालकांना स्पष्ट सांगितले पाहिजे. जागा थोड्या व उमेदवार फार असतात. तथापि बीजोत्पादन, रोपवाटिका, दुग्धव्यवसाय, माती परीक्षण, यंत्रदुरुस्ती, शेतमाल प्रक्रिया, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे व्यवस्थापन अशा अनेक कामांना जाणत्या हातांची गरज आहे. मुलींच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी. शेतीची निम्म्याहून अधिक कामे घराघरांतून स्त्रियाच पार पाडतात. मग शिक्षणाच्या वेळी मात्र मुलींना भाजीच्या वाफ्यापुरते ठेवणे अन्यायाचे होय. मोजणी, हिशोब, बाजारफेरी व अवजारे यांत त्यांचा वाटा बरोबरीचा असावा.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्याचे कर्तव्य

हे काम एकट्या शिक्षकाच्या हातून होणारे नाही. ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने महिन्यातून किमान दोनदा त्या शेतावर यावे, जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्राशी शाळेची गाठ घालून द्यावी आणि गावातील अनुभवी शेतकऱ्यांना तासावर बोलवावे. पाभर कशी धरावी, ढगांकडे पाहून काय ओळखावे, बैलाची चाल कशी पारखावी, हे ज्ञान पुस्तकात नाही. ते वृद्धांच्या हातांत आहे व त्यांच्याबरोबर लोपत चालले आहे. काढणीच्या दिवशी पालकांस आवर्जून बोलवावे व वजनकाटा त्यांच्यासमोर लावावा. मुलाने स्वतःच्या वहीतील आकडे वाचून दाखविल्यावर, "आमचा मुलगा शाळेत माती उकरतो" असे म्हणणारे वडीलही आपल्या घरच्या बियाण्याची परीक्षा करण्यास त्यास सांगू लागतील.

शेवटी एक काम विसरू नये. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक असल्याने चांगल्या वाफ्यातील बियाणे पुढील वर्षासाठी राखता येते. त्याची मळणी यंत्राने करावयाची तर यंत्राचे फेरे मिनिटास ३५० ते ४०० पेक्षा अधिक नसावेत. शक्य असल्यास काठीने हलकेच झोडून दाणे काढावेत. बियाणे नीट वाळवून, पोत्यात भरून, जमिनीला व भिंतीला न टेकता कोरड्या जागी ठेवावे आणि त्यावर जात, काढणीची तारीख व वर्गाचे नाव लिहून चिठ्ठी बांधावी. जूनमध्ये नववीत येणारा नवा वर्ग ते पोते उघडील, ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडील व सातव्या दिवशी कोंब मोजील. आदल्या वर्गाने मळणीत व साठवणीत केलेली काळजी अथवा हयगय त्या मोजणीत उघड होईल. त्या दिवशी जुन्या वर्गातील मुलांसही शेतावर बोलवावे.